फ्रिजांतील साक्षीदार

मुलाच्या अंगांत ताप असल्याची शंका आली कीं, आई प्रथम त्याच्या कपाळावर हात ठेविते. हा हात फार जुना वैद्य आहे. परंतु त्याची एक मर्यादा आहे. तो ‘अधिक’ किंवा ‘उणें’ एवढेंच सांगतो, ‘किती’ तें सांगत नाहीं. शिवाय आई नुकतीच चुलीपासून उठली असेल तर तेंच मूल तिला थंड लागतें, आणि नळाखालीं भांडीं विसळून आली असेल तर तेंच मूल तापलेलें वाटतें. स्पर्श हा दोन उष्णतामानांची तुलना करितो, मोजणी करीत नाहीं. मोजणी करावयाची तर तटस्थ साक्षीदार पाहिजे. आणि साक्षीदार आला कीं त्याची उलटतपासणीही आलीच. या महिन्यांत आम्ही वाचकांपुढें असाच एक साक्षीदार उभा करणार आहों. तो हरभऱ्याच्या दाण्याएवढा आहे, त्याला तीन पाय आहेत, आणि घरच्या संगणकाशीं तो अंकांच्या भाषेंत बोलूं शकतो.

असलें यांत्रिक प्रकरण या कौटुंबिक पृष्ठांत कशाला, असें कांहीं वडीलधारी मंडळी म्हणतील. त्यांस आमचें उत्तर असें कीं, हल्लीं घरोघरच्या फ्रिजांत केवळ दूध, लोणी व कोथिंबीर नसते, औषधेंही असतात. मधुमेहाच्या रोग्याचें इन्सुलिन हें त्यांतील मुख्य. १९२१ सालीं कॅनडांतील टोरांटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं तें शोधून काढिलें आणि पुढल्याच वर्षीं तें पहिल्या रोग्यास टोंचण्यांत आलें. तेव्हांपासून असंख्य जीव त्यानें तारिले आहेत. परंतु हें औषध नाजूक आहे. न उघडलेली कुपी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्यें ठेवावी, तिला ऊन व उष्णता लागूं देऊं नये, आणि ती एकदां गोठली तर वितळल्यावर पूर्ववत् दिसत असली तरीही वापरूं नये, असा नियम आहे. आतां आपल्या फ्रिजांत २ ते ८ अंश आहेत हें आपण कशावरून म्हणतों? बहुतेक घरांत ‘कळ तीनवर आहे’ एवढेंच उत्तर मिळतें. पण कळीवरचा तीन म्हणजे तीन अंश नव्हेत. तो केवळ कमीअधिकाचा क्रम आहे. म्हणजे पुनः कपाळावरचा हातच!

अंशांचा इतिहास थोडक्यांत सांगितला पाहिजे, कारण पुढें त्याचा उपयोग आहे. फॅरनहाइट यानें १७१४ च्या सुमारास पाऱ्याचा भरंवशाचा उष्णतामापक तयार केला. पुढें १७४२ सालीं स्वीडन देशांतील उप्साला येथील ज्योतिषी सेल्सिअस यानें पाणी गोठण्याचा बिंदु आणि उकळण्याचा बिंदु यांमधील अंतराचे शंभर सारखे भाग पाडिले. मौज अशी कीं, त्याच्या मूळ मापांत उकळणें शून्यावर आणि गोठणें शंभरावर होतें. तें मागाहून उलट करण्यांत आलें. वाचकांनीं ध्यानांत एवढेंच ठेवावें कीं, हें सारें माप दोन खुंट्यांवर टांगलेलें आहे, आणि त्यांतील एक खुंटी, म्हणजे वितळता बर्फ, प्रत्येक घरांत अल्पायासानें मिळते.

आमच्या साक्षीदाराचें बाजारांतील नांव डीएस१८बी२० असें आहे. अमेरिकेंतील डॅलस सेमीकंडक्टर या कंपनीचा तो माल. ही कंपनी २००१ सालीं मॅक्सिम कंपनीनें घेतली आणि मॅक्सिम २०२१ सालीं अ‍ॅनालॉग डिव्हायसेस या कंपनींत सामील झाली. धनी बदलले, वस्तु तीच राहिली. सिलिकॉनच्या ज्या सूक्ष्म तुकड्यावर ती रचिलेली आहे त्याचे विजेसंबंधींचे गुण उष्णतेबरोबर बदलतात. हा बदल आंतल्या आंत मोजला जाऊन त्याचा अंक बनतो. जुन्या पद्धतीच्या मापकांतून नुसता विजेचा कमीअधिक दाब बाहेर येई आणि तो तारेवाटें येतां येतां बिघडे. येथें अंकच बाहेर येतो; म्हणून या जातीस डिजिटल सेन्सर म्हणतात. उणें ५५ पासून १२५ अंशांपर्यंत त्याची धांव आहे, आणि उणें १० ते ८५ या मर्यादेंत त्याची चूक अर्ध्या अंशापलीकडे जात नाहीं, असें त्याचे कर्ते सांगतात. पोलादी नळकांड्यांत बंद करून तीन तारा बाहेर काढलेला सेन्सरही मिळतो. ओल्या जागीं तोच घ्यावा.

त्याची मोजण्याची रीत आमच्या वृद्ध वाचकांस आवडेल. रुपयाचे जसे सोळा आणे, तसे तो अंशाचे सोळा भाग करितो. १९५७ सालीं दशमान नाणीं आलीं आणि आणे गेले. पण घरांतील आजोबांस तो हिशेब अजून मुखोद्गत असेल. सेन्सरानें ८४ असा अंक दिला तर त्यास सोळांनीं भागावें: पांच पूर्ण आणि चार उरले, म्हणजे पांच अंश चार आणे, अर्थात् ५.२५ अंश. एवढी बारीक मोजणी करावयास त्यास पाऊण सेकंद लागतो. परंतु येथें एक विवेक राखला पाहिजे. बारीक मोजणें निराळें आणि बरोबर मोजणें निराळें. ज्या साक्षीदारास आठ आण्यांची चूक क्षम्य आहे त्यानें एका आण्यापर्यंत हिशेब दिला, म्हणून तो एका आण्यापर्यंत खरा ठरत नाहीं. संगणकाच्या पडद्यावर ५.०६२५ असे चार दशांशस्थळांचे आंकडे उमटले कीं तरुण मंडळींचे डोळे दिपतात. त्यांस हें अवश्य समजावून द्यावें.

आतां तीन पायांविषयीं. एक पाय विजेचा, एक जमिनीचा आणि मधला बोलण्याचा. बोलण्यास तार एकच. तिच्यावरूनच विचारणें आणि तिच्यावरूनच उत्तर देणें. दोघांनीं एकदम बोलून गोंधळ होऊं नये म्हणून योजना मोठी चतुर आहे. ४७०० ओहमचा एक रोध, ज्याला बाजारांत रेझिस्टर म्हणतात, तो विजेची तार आणि बोलण्याची तार यांच्यामध्यें जोडितात. कमानीचें दार जसें सोडलें कीं आपोआप मिटतें, तशी ही तार सोडली कीं रोधामुळें आपोआप वर, म्हणजे विजेच्या पातळीवर, जाऊन बसते. ज्याला बोलावयाचें आहे तो तिला क्षणभर खालीं ओढितो. किती काळ खालीं धरिली यावरून एक किंवा शून्य समजावयाचें. हा रोध विसरला तर तार वर येत नाहीं आणि सारेंच मौन होतें. नवशिक्यांची जोडणी फसण्याचें हें एक नेहमींचें कारण आहे. रोधावर पिवळा, जांभळा व तांबडा असे पट्टे असतात. एका टोंकास सोनेरी पट्टा असतो. ते पाहून घ्यावे.

संभाषणाचा आरंभ तर थेट शाळेंतलाच आहे. विचारणारा तार प्रथम निदान ४८० मायक्रोसेकंद खालीं धरितो. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दशलक्षांश. ही हजेरी. मग तो तार सोडितो आणि सेन्सर ती किंचित् खालीं ओढून ‘हजर’ म्हणतो. एकाच तारेवर पुष्कळ सेन्सर असले तरी अडचण नाहीं, कारण प्रत्येकास कारखान्यांतच ६४ द्विमान अंकांचें नांव दिलेलें असतें. त्यांपैकीं ८ अंक कुळाचे, ४८ व्यक्तीचे आणि शेवटचे ८ ताळ्याचे. अठ्ठेचाळीस अंकांनीं सुमारें २ कोटी ८१ लक्ष कोटी निरनिराळीं नांवें होतात, तेव्हां नांवांचा तुटवडा पडण्याची धास्ती नाहीं. मोठ्या घरांत आजीनें ओसरीवरून एकाचें नांव घेतलें कीं तोच ‘ओ’ देतो, बाकीचे गप्प राहतात, तसेंच हें. आणि ताळा म्हणजे आपला गणितांतलाच ताळा. उष्णतामान सांगतांना सेन्सर आठ राशींमागून नववी राशि ताळ्याची पाठवितो. वाटेंत एखादा अंक बिघडला तर ताळा जमत नाहीं आणि उत्तर फेटाळतां येतें.

इतकें झाल्यावर वाचक विचारतील, मग या तारा सरळ संगणकांतच कां खोंचूं नयेत? त्याचें कारण संगणकाच्या स्वभावांत आहे. घरचा संगणक एकाच वेळीं शंभर कामांत गुंतलेला असतो; पत्र येतें, चित्र हलतें, घड्याळ चालतें. इकडे सेन्सराशीं बोलावयाचें तर पन्नास-साठ मायक्रोसेकंदांचा नेम चुकतां कामा नये. बहुव्यवसायी गृहस्थाला हें जमत नाहीं. शिवाय हल्लींच्या लॅपटॉपास बाहेर काढलेल्या अशा सुट्या तारांची सोयच नसते. यूएसबीची खांच तेवढी असते. म्हणून मध्यें एक एकाग्र मुनीम नेमावा लागतो. इटलींतील इव्रेया येथें २००५ सालीं निघालेला आर्डुइनो नांवाचा बोर्ड या कामीं फार सोयीचा आहे. तो सेन्सराशीं नेमानें बोलतो, उत्तर घेतो आणि साध्या अक्षरांत लिहून यूएसबीच्या तारेनें संगणकाकडे पाठवितो. सेन्सर शे-दीडशे रुपयांत मिळतो. बोर्डास कांहीं शेंकडे रुपये पडतात.

जोडणीची रीत अशी. प्रथम बोर्ड संगणकापासून सोडवावा. वीज चालू असतां तारा जोडूं नयेत. नळकांड्याच्या सेन्सरास बहुधा तांबडी, काळी व पिवळी अशा तारा असतात. तांबडी बोर्डाच्या ५ व्होल्टच्या छिद्रांत, काळी जमिनीच्या छिद्रांत, पिवळी २ या अंकाच्या छिद्रांत घालावी, आणि तांबडी व पिवळी यांच्यामध्यें तो रोध बसवावा. रंगांचा संकेत सर्वत्र एकच नसतो. म्हणून विकणाऱ्याचें चिटोरें वाचल्यावांचून वीज देऊं नये. उघडा सेन्सर असेल तर त्याची सपाट बाजू आपल्याकडे करून पाय खालीं धरावे; डावा पाय जमिनीचा, मधला बोलण्याचा, उजवा विजेचा. उलटा जोडला तर तो चटका बसण्याइतका तापतो. बोटास ऊन लागतांच वीज तोडावी. प्रथम सारें ब्रेडबोर्डावर नुसतें खोंचून पाहावें आणि चाललें म्हणजे मग डाख द्यावा.

पुढें संगणकावर आर्डुइनोची आज्ञावली लिहिण्याची सोय घालून घ्यावी. त्यांत वनवायर व डॅलसटेंपरेचर या नांवांच्या दोन तयार लायब्रऱ्या मिळतात. त्यांच्याबरोबरच नमुन्याची आज्ञावलीही येते. ती बोर्डांत उतरवून सीरियल मॉनिटर उघडला कीं एकाखालीं एक आंकडे येऊं लागतात. दोन्हीं बाजूंचा वेग सारखा ठेवावा, उदाहरणार्थ सेकंदास ९६०० अंक. नाहींतर पडद्यावर अर्थहीन चिन्हांची रांगोळी उमटते. आंकडे जपून ठेवावयाचे तर पुटी नांवाची आज्ञावली ते फाईलींत लिहून घेते. पायथॉन भाषा येणारा घरांत कोणी असेल तर तो दहाबारा ओळींत प्रत्येक आंकड्याशेजारीं वेळही लिहवून घेईल. मिनिटास एक नोंद पुरे. तिच्या दिवसाकांठीं १४४० नोंदी होतात. मात्र संगणकास स्वस्थ बसला कीं झोंपावयाची संवय असते, आणि तो झोंपला कीं नोंद थांबते. रात्रीं नोंद करावयाची असेल तर ती संवय आधीं बंद करून ठेवावी.

आतां उलटतपासणी. या साक्षीदाराच्या तोंडीं दोन उत्तरें अशीं येतात कीं तीं ऐकतांच सावध व्हावें. पहिलें ८५. वीज मिळतांच, पहिली मोजणी होण्यापूर्वीं, सेन्सराच्या वहींत ८५ अंश हा आंकडा आधींच लिहिलेला असतो. पाऊण सेकंद न थांबतां विचारलें, किंवा मोजणी चालू असतां वीज क्षणभर तुटली, तर तो तोच आंकडा वाचून दाखवितो. दुसरें उणें १२७. हें तर सेन्सराचें बोलणेंच नव्हे. सेन्सर सांपडला नाहीं म्हणजे लायब्ररी हा आंकडा लिहिते. फ्रिजांत ८५ अंश झाले असें पाहून कोणी घाबरून चांगलें औषध फेंकून देईल, किंवा असले दोनचार आंकडे सरासरींत मिसळून भलताच निष्कर्ष काढील. असे आंकडे हिशेबांत धरूं नयेत. पण ते खोडूंही नयेत. बाजूस ‘तार सैल’, ‘वीज गेली’ असा शेरा लिहावा. खोडलेल्या वहीवर कोणाचाच विश्वास बसत नाहीं.

दुसरी परीक्षा बर्फाची. डीएस१८बी२० च्या नांवानें बाजारांत पुष्कळ नकली माल येतो. त्यांतला कांहीं बरा असतो, कांहीं नसतो. अंगावरच्या अक्षरांवरून तें कळत नाहीं. म्हणून स्वच्छ पाण्याचा बर्फ बारीक फोडून पेला गच्च भरावा, फटी भरतील एवढेंच थंड पाणी त्यांत घालावें, आणि चांगलें ढवळून नळकांडें मधोमध धरावें. तळाशीं किंवा कांठाशीं टेकूं देऊं नये. दहा मिनिटांनीं आंकडा शून्याच्या अर्ध्या अंशाच्या आंत असावा. तसा असला तर साक्षीदार पतकरावा. दोनतीन अंशांनीं चुकत असला तर परत करावा. दुसरी खुंटी, म्हणजे उकळतें पाणी, या कामीं तितकी सोयीची नाहीं. समुद्रकांठीं पाणी १०० अंशांवर उकळतें, पण पुण्याच्या उंचीवर तें सुमारें ९८ वर आणि महाबळेश्वरीं साडेपंचाण्णवाच्या आसपासच उकळतें. आणि सेन्सराची अर्ध्या अंशाची हमीही ८५ च्या वर नाहीं. फ्रिजासाठीं बर्फाची परीक्षा पुरेशी आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. सेन्सर नेहमीं स्वतःचेंच उष्णतामान सांगतो. शेजारच्या वस्तूचें नव्हे. फ्रिजाचें दार उघडलें कीं आंतली हवा झटकन् ऊन होते आणि मोकळें टांगलेलें नळकांडें लगेच ओरड करितें. पण कुपींतलें औषध तेवढ्यानें तापत नाहीं. उलट हवा निवाली तरी ऊन झालेली वस्तु सावकाश निवते. म्हणून कुपीएवढी लहान बाटली पाण्यानें भरून, वर थोडी जागा मोकळी ठेवून, तींत नळकांडें बुडवावें आणि ती कुपीच्या शेजारींच ठेवावी. मग सेन्सर जें सांगेल तें कुपीच्या अनुभवाशीं जुळतें असेल. लसी साठविण्याच्या ठिकाणींही नळकांडें असेंच द्रवांत बुडवून ठेवण्याची रीत आहे. आपल्या देशांत २०१५ पासून ईविन या सरकारी योजनेखालीं लसींचा सांठा आणि त्यांच्या शीतपेट्यांचें उष्णतामान यांची नोंद दुरून घेतली जाते. तत्त्व तेंच, प्रमाण मोठें. घरीं तार आंत नेतांना ती चपटी व बारीक असावी. जाड तारेनें दाराची रबरी कड वर उचलली जाते, थंडी बाहेर पळते, आणि मोजणारानेंच मोजावयाची वस्तु बिघडविल्यासारखें होतें. फ्रिजाच्या भिंतीस छिद्र तर कधींही पाडूं नये.

हें सारें कोणत्या कामास येतें तें एका उदाहरणानें सांगतों. आमच्या आळींतील एका मोठ्या कुटुंबांत सत्तरी ओलांडलेल्या एक आजीबाई आहेत. घरांत सारीं त्यांस मोठी आई म्हणतात. त्यांस दोन्हीं वेळां इन्सुलिन घ्यावें लागतें. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस त्यांच्या रक्तांतील साखर एकाएकीं चढूं लागली. औषध वेळेवर, जेवण मोजकें, आणि साखर तर दर आठवड्यास वर. घरांत कुजबूज सुरू झाली. श्राद्धपक्षाचे दिवस, डब्यांत लाडू. एके दिवशीं थोरल्या सुनेनें भीत भीत विचारलेंच, “मोठ्या आई, दुपारीं आम्ही निजल्यावर तुम्ही कांहीं घेतां का?” म्हाताऱ्या बाईंनीं एवढेंच म्हटलें, “नाहीं ग, मुली. सांगतें आहें तें खरें आहे.” पण लाडवांचा डबा दुसऱ्या दिवशीं वरच्या फडताळांत गेला, आणि तो कां गेला हें त्यांना न सांगतां कळलें.

त्यांचा एक नातू अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षास आहे. कॉलेजांतल्या एका कामासाठीं त्यानें हाच सेन्सर आणिला होता. त्यानें तो बर्फांत तपासला, पाण्याच्या बाटलींत घातला आणि कुप्यांच्या शेजारीं, म्हणजे फ्रिजाच्या मागल्या भिंतीला टेकून, ठेवून दिला. तीन रात्रींची नोंद घेऊन त्यानें आलेख काढिला. दिवसा रेघ तीन-चार अंशांवर हेलकावे खात होती. मध्यरात्रीनंतर, दार उघडणें थांबलें कीं, ती उतरत उतरत शून्याशीं येई आणि तेथें कितीतरी वेळ अगदीं सपाट चाले. मग पहांटे शून्याच्याही खालीं जाई. ही सपाट रेघ म्हणजे काय हें शाळेंत विज्ञान शिकलेल्यांस सांगावयास नको. पाणी गोठत असतां त्याचें उष्णतामान उतरत नाहीं. आंतली सुप्त उष्णता बाहेर पडत असते. म्हणजे बाटलींतलें पाणी रोज रात्रीं गोठत होतें, आणि शेजारच्या कुप्याही त्याच वाटेवर होत्या. सकाळीं दाराची उघडझाप सुरू झाली कीं सारें वितळून पूर्ववत् होई. म्हणून कोणाच्या दृष्टीस कांहींच पडलें नाहीं. कारण शोधतां असें निघालें कीं, वैशाखांतल्या उन्हाळ्यांत फ्रिजाची कळ शेवटच्या आंकड्यावर फिरविली होती, ती भाद्रपदांतही तेथेंच होती.

डॉक्टरांस तो आलेख दाखविला. त्यांनीं त्या कुप्या टाकून द्यावयास सांगितलें, नव्या लिहून दिल्या, आणि नव्या औषधाचा परिणाम जुन्यासारखा मंद नसणार म्हणून पहिले कांहीं दिवस साखर वरचेवर तपासावी, अशी ताकीद दिली. कळ मागें घेतली, कुप्या मधल्या फळीवर पुढच्या बाजूस आल्या, आणि दोन आठवड्यांत मोठ्या आईंची साखर पूर्वींच्या ठिकाणीं आली. नातू त्यांच्यापाशीं जाऊन म्हणाला, “मोठी आई, औषधच नासलें होतें. तुझा कांहीं दोष नव्हता.” त्यावर त्या म्हणाल्या, “बाळा, तुझ्या तारेनें सांगितलें तें तुम्हां सगळ्यांना पटलें. तेंच मी महिनाभर सांगत होतें.”

न्यायशास्त्रांत प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशीं चार प्रमाणें मानिलीं आहेत. संगणकाच्या पडद्यावरचा आंकडा हें प्रत्यक्ष नव्हे. आपण थंडी पाहिली नाहीं, कोणीतरी सांगितलेली ऐकिली. तें शब्दप्रमाण आहे, आणि शब्द प्रमाण होण्यास सांगणारा आप्त असावा लागतो. म्हणजे ज्याला वस्तुस्थिति यथार्थ ठाऊक आहे आणि जो ती यथार्थच सांगतो. सेन्सर आप्त आहे कीं नाहीं हें ठरविण्यासाठीं आपण बर्फ फोडितों, ताळा पाहतों, ८५ वर संशय घेतों. हें सर्व योग्यच. पण ज्या बाईनें पन्नास वर्षें त्या घरांत कधीं खोटें सांगितलें नाहीं तिची परीक्षा तर केव्हांच झालेली होती. तिचें उत्तर आणि साखरेचा आंकडा यांचा मेळ बसेना, तेव्हां दोन्हीं खरीं मानून तिसरें कारण शोधावयाचें होतें. मुलगा तेंच करावयास निघाला, हें त्याचें भूषण. त्याच्या हातीं सेन्सर होता म्हणून नव्हे, तर आजी खरें बोलत असेल तर दोष कोठें असावा असा प्रश्न त्याला पडला म्हणून.

ज्या घरांत इन्सुलिन आहे त्या घरानें निदान एवढें करावें. कुप्या मागल्या भिंतीस आणि बर्फाच्या कप्प्यास लागून ठेवूं नयेत. दारांतल्या कप्प्यांतही ठेवूं नयेत, कारण तेथें प्रत्येक उघडझापेस ऊन हवा लागते. ऋतु बदलला कीं फ्रिजाची कळ पाहावी. सेन्सराची जोडणी जमली तर दर ऋतूंत तीन दिवस-रात्रींची नोंद घ्यावी. न जमली तर तयार यूएसबी उष्णतामापक विकत मिळतात, ते घ्यावे, पण बर्फाची परीक्षा त्यांसही चुकवूं नये. हें घरगुती साधन वैद्यकीय उपकरणाच्या जागीं नाहीं. औषध ठेवावें कीं टाकावें हें डॉक्टरांनींच ठरवावयाचें. आपण त्यांच्यापुढें नोंद ठेवावी. नोंदीच्या फाईलीबरोबर एक साधी वहीही फ्रिजावर असूं द्यावी आणि तींत कळ केव्हां फिरविली, वीज केव्हां गेली, नवी कुपी केव्हां आणिली हें लिहीत जावें. सोळांनीं भागण्याचा हिशेब घरांतील शाळकरी मुलांकडून करवून घ्यावा, आणि तो तपासण्याचें काम आजोबांकडे द्यावें. आण्यांचा हिशेब त्यांच्याइतका दुसऱ्या कोणास येणार नाहीं.